मिश्रधातूंमधली आंतरधातू संयुगं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साकीनाक्याजवळच्या एका धातुपरीक्षण प्रयोगशाळेत मी गेली बावीस वर्षं तुटलेले तुकडे तपासतो. झवेरी बाजारातून चिरलेली अंगठी येते, लॅमिंग्टन रोडवरून सुटलेला सोल्डर येतो, तळोज्याहून भट्टीची जाळी येते. परीक्षा जवळ आली की मिश्रधातूंच्या प्रकरणावर अडलेले विद्यार्थीही येतात. वस्तू वेगवेगळ्या असल्या तरी तपासाचा शेवट बऱ्याचदा एकाच जागी होतो: दोन धातू एकत्र आले आणि त्यांनी तिसराच पदार्थ तयार केला. तो पदार्थ म्हणजे आंतरधातू संयुग. कारखान्यात सगळे त्याला ‘इंटरमेटॅलिक’च म्हणतात. तो कुठे बसला आहे, किती जाड झाला आहे आणि वस्तूला आकार देण्याआधी तयार झाला की नंतर, हे कळल्याशिवाय त्याला चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही. खालची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

साधा मिश्रधातू आणि आंतरधातू संयुग यांत फरक काय?

जुनी तांबे-निकेलची नाणी आठवा. त्यात तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल असे. निकेलचे अणू तांब्याच्या स्फटिकात जिथे जागा मिळेल तिथे बसलेले असतात. प्रमाण बदललं तरी स्फटिकाची मांडणी तीच राहते. याला घनद्रावण म्हणतात.

आता पितळ घ्या. तांब्यात साधारण ३५ टक्क्यांपर्यंत जस्त असंच विरघळतं. त्याहून बरंच जास्त घातलं की तांब्याची मूळ मांडणी मोडते आणि नवी उभी राहते. ती घन (क्यूब) आकाराची असते आणि साधारण ४६० अंश सेल्सिअसच्या खाली तिच्यातल्या जागाही ठरून जातात: कोपऱ्यांवर तांबं, मध्यभागी जस्त. तांब्याच्या प्रत्येक अणूचे आठही जवळचे शेजारी जस्ताचे, आणि जस्ताचे आठही तांब्याचे. ठराविक प्रमाण, ठराविक जागा आणि मूळ धातूंपेक्षा वेगळा स्फटिक, या तीन खुणा दिसल्या की ते आंतरधातू संयुग समजावं. प्रमाणात थोडी सूट काही संयुगं देतात, काही अजिबात देत नाहीत.

शाळेत संयुजा शिकलो. मग या संयुगांची सूत्रं इतकी विचित्र का?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, हे संयुजेच्या हिशेबात बसतं. पण पाच अणू तांब्याचे आणि आठ जस्ताचे? सोडियमच्या एका अणूला जस्ताचे तेरा? संयुजेची पट्टी इथे चालत नाही. इथला हिशेब इलेक्ट्रॉनच्या सरासरीचा आहे.

हा हिशेब १९२६ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम ह्यूम-रॉदरी यांनी मांडला. तरुणपणी मेंदूज्वराने त्यांची श्रवणशक्ती पूर्ण गेली होती आणि पुढचं सगळं काम त्यांनी त्या शांततेतच केलं. त्यांनी पाहिलं की तांबे-जस्त, तांबे-ॲल्युमिनियम आणि तांबे-कथील या वेगळ्या जोड्यांमध्ये वेगळ्या प्रमाणांवर सारख्याच मांडणीचे स्फटिक येतात. मग प्रत्येक अणूमागे किती संयुजा इलेक्ट्रॉन येतात ते मोजलं.

तुम्हीही कागद घेऊन करून पाहा. तांबं एक इलेक्ट्रॉन देतं, जस्त दोन, ॲल्युमिनियम तीन, कथील चार. एक तांबं आणि एक जस्त: दोन अणूंमागे तीन इलेक्ट्रॉन, म्हणजे ३/२. तीन तांबं आणि एक ॲल्युमिनियम: चार अणूंमागे सहा इलेक्ट्रॉन, पुन्हा ३/२. पाच तांबं आणि एक कथील: सहा अणूंमागे नऊ, परत ३/२. तिन्ही ठिकाणी अणूंची मांडणी एकाच घराण्यातली, मध्यभागी अणू असलेल्या घनाची. वर विचारलेलं पाच-आठचं सूत्र घ्या: पाच अधिक सोळा म्हणजे एकवीस इलेक्ट्रॉन, अणू तेरा. हे २१/१३ प्रमाण ज्या स्फटिकात दिसतं, त्याच्या एका घरात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यात, ५२ अणू असतात. एक तांबं आणि तीन जस्त घेतलं तर ७/४ येतं आणि मांडणी षट्कोनी होते.

का? धातूतले इलेक्ट्रॉन लाटांसारखे वागतात आणि स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून परावर्तित होतात. इलेक्ट्रॉनची संख्या एका विशिष्ट मर्यादेशी पोचली की एखाद्या मांडणीत त्यांची एकूण ऊर्जा कमी होते, म्हणून अणू ती मांडणी पसंत करतात. हॅरी जोन्स यांनी १९३० च्या दशकात हे गणिताने दाखवलं. हा नियम सगळ्या संयुगांना लागू पडत नाही. तांबं, चांदी, सोनं यांच्या मिश्रधातूंत मात्र तो फार कामाचा आहे.

म्हणजे अणूंच्या आकाराला महत्त्व नाही?

आहे, आणि काही ठिकाणी तेच सर्वांत जास्त. दोन धातूंच्या अणूंच्या आकारात १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर घनद्रावण नीट बनत नाही, हाही ह्यूम-रॉदरींचाच नियम. मोठा अणू लहानाच्या सुमारे १.२२५ पट असला तर मात्र एक वेगळीच दाटी जमते. लहान अणू चार-चारच्या गटांनी जोडले जातात आणि मोठा त्यांच्यामधल्या पोकळीत बसतो. मोठ्या अणूला सोळा शेजारी मिळतात. एकाच आकाराचे चेंडू कितीही घट्ट रचा, बारापेक्षा जास्त शेजारी येत नाहीत. मॅग्नेशियम-तांबं (एकास दोन) हे त्याचं नमुनेदार उदाहरण. फ्रिड्रिख लावेस यांच्या नावावरून यांना लावेस प्रावस्था (ठराविक मांडणी असलेलं धातूचं रूप म्हणजे प्रावस्था) म्हणतात आणि आंतरधातू संयुगांतलं हे फार मोठं कुटुंब आहे.

यातला बंध धातुबंध असतो, आयनिक असतो की सहसंयुजी?

तिन्हींचं मिश्रण. जोडीगणिक प्रमाण बदलतं, म्हणून परीक्षेत एका शब्दात उत्तर देऊ नका.

एका टोकाला तांबे-जस्त आहे. इलेक्ट्रॉन जवळजवळ मोकळे, वीज चांगली वाहते, चकाकी धातूची. दुसऱ्या टोकाला सोडियम-थॅलियम. सोडियम आपला इलेक्ट्रॉन थॅलियमला देऊन टाकतो. थॅलियमचे तीनाचे चार इलेक्ट्रॉन होतात, म्हणजे तो कार्बनच्या स्तंभातल्या मूलद्रव्यासारखा वागू लागतो आणि खरोखरच हिऱ्यासारखी जाळी विणतो! सोडियम त्या जाळीच्या पोकळ्यांत राहतो. एडुआर्ड झिंटल यांनी १९३२ मध्ये ही रचना उलगडली, म्हणून अशा संयुगांना झिंटल प्रावस्था म्हणतात. देणं-घेणं आयनिक, जाळी सहसंयुजी, आणि तरीही दिसायला धातूच.

मधल्या भागात निकेल-ॲल्युमिनियम येतं. एकास एक प्रमाणातलं हे संयुग १६३८ अंशांना वितळतं. निकेलचा वितळबिंदू १४५५ आणि ॲल्युमिनियमचा ६६०, म्हणजे संयुग दोघांच्याही वर. दोन्हींची भुकटी दाबून एका टोकाला पेटवली तर पुढे आग न देताही लालभडक लाट दुसऱ्या टोकापर्यंत धावते. नवे बंध जुळताना इतकी उष्णता बाहेर पडते. बंध किती घट्ट आहे हे दाखवायला यापेक्षा सोपा प्रयोग मला माहीत नाही. (घरी करू नका.)

भांड्याची कल्हई टिकते कशी?

पायधुनीच्या तांबा काट्यावर आजही पितळी पातेली आणि तांब्याचे हंडे रचलेले दिसतात, पण कल्हईवाल्याची हाक इमारतींच्या आवारात आता क्वचित ऐकू येते. लहानपणी मी ते काम तासन् तास पाहिलं आहे. भात्याने फुललेल्या कोळशावर पातेलं तापतं. आत नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो, आणि त्या धुरातच कल्हईवाला कथलाची कांडी बुडाला टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फेर मारतो. चकाकी बोळ्याच्या मागोमाग धावत जाते.

त्या दोन-तीन सेकंदांत बरंच घडतं. उष्णतेने नवसागर फुटून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते. ती वाफ तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकते. कथील २३२ अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. म्हणजे तांबं वितळण्याच्या जवळपासही नसतं, तरी त्याचे पृष्ठभागावरचे अणू पातळ कथलात उतरतात आणि सीमेवर लगेच संयुग तयार होतं: सहा तांबं, पाच कथील. कल्हईला धरून ठेवतो तो हाच थर. बोटाला तेल असेल आणि ते भांड्याला लागलं असेल, तर तेवढ्या जागी थर बनत नाही आणि कथील तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखं गोळी होऊन लोळतं.

थर तिथेच थांबत नाही. निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर मुंबईचं नेहमीचं तापमान कथलाच्या वितळबिंदूच्या सहा-दशांश येतं. कथलाच्या दृष्टीने ही उष्णताच आहे, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या फडताळातही अणू सरकत राहतात आणि चुलीवर तर अधिकच. वरचं शुद्ध कथील पळीने झिजतं, खालून संयुग त्याला खात वर येतं. जुन्या भांड्यात दिसणारा मळकट करडा पट्टा बऱ्याचदा हाच असतो. त्यावर हवेचा ऑक्साइड बसला की नवं कथील धरत नाही, म्हणूनच जाणता कल्हईवाला आधी वाळूने घासून तांबं उघडं करतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. शिसं मिसळलेलं कथील, म्हणजे सोल्डरची कांडी, कल्हईला कधीही वापरू देऊ नका. ती स्वस्त पडते, लवकर वितळते आणि चकाकतेही. पण आमटीतल्या चिंचेबरोबर शिसं पोटात जातं.

सोल्डरचा जोड मारताना ठीक होता, वर्षभराने सुटला. असं का?

गोष्ट कल्हईचीच, फक्त लहान जागेत. तांब्याच्या पॅडवर कथलाचा सोल्डर वितळला की तोच सहा-पाचचा थर बनतो. एक ते तीन-चार मायक्रॉन जाड असेल तर जोड उत्तम. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज येईल.

गेल्या पावसाळ्यात एका कारखान्याने इन्व्हर्टरचा बोर्ड पाठवला होता. जोड कापून राळेच्या गोळीत बसवला, कागदावर आणि मग मखमली कापडावर एक मायक्रॉनच्या हिऱ्याच्या लेपाने घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगल्या जोडात या थराची वरची कड शिंपल्याच्या काठासारखी नागमोडी दिसते. इथे कड सपाट होऊन थर बारा मायक्रॉनवर गेला होता. त्याच्या खाली तांब्याला लागून दुसरं संयुग आलं होतं, तीन तांबं आणि एक कथील, आणि त्या दोहोंच्या आसपास मोत्यांच्या सरीसारख्या बारीक पोकळ्या. तांब्याचे अणू एका बाजूला जास्त वेगाने गेले आणि मागे रिकाम्या जागा साठल्या. तडा त्या ओळीतूनच गेला होता. बोर्ड वर्षभर तापणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला लागून बसवलेला होता, म्हणजे चूक सोल्डरिंग करणाऱ्या मुलाची नव्हती. अहवालात मी तसं स्पष्ट लिहिलं.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी: तोच जोड पाच-सहा वेळा तापवू नका, आणि सोल्डरिंग आयर्न गरजेपेक्षा जास्त वेळ टेकवून ठेवू नका. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतो, जुना शिसे-कथील १८३ ला. तापमान वाढलं की थर झपाट्याने जाड होतो.

ही संयुगं इतकी ठिसूळ का असतात?

तांब्याची तार वाकते तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. सगळे अणू सारखे असल्याने एक पाऊल सरकलं तरी शेजार तोच राहतो. संयुगात जागा ठरलेल्या असतात. थर एक पाऊल सरकला की तांब्यासमोर तांबं येतं, जिथे जस्त हवं होतं. हा चुकीचा शेजार महाग पडतो. थर घसरतात ते मांडणीतल्या बारीक दोषांच्या सरकण्यामुळे, आणि चुकीचा शेजार टाळायला हे दोष जोडीने चालावे लागतात, पहिल्याने बिघडवलेलं दुसरा दुरुस्त करतो. एका घरात पन्नास किंवा चारशे अणू असतील तर घसरायला सोयीची पातळीच सापडत नाही. मग ताण आला की धातू वाकत नाही, तडकतो.

आणखी एक कारण मुंबईकरांनी लक्षात ठेवण्यासारखं. लोखंड-ॲल्युमिनियमची काही संयुगं कोरड्या ऑक्सिजनमध्ये बऱ्यापैकी ताणली जातात आणि दमट हवेत लवकर तुटतात. तड्याच्या टोकाशी उघडं पडलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया करतं, हायड्रोजन सुटतो आणि धातूत शिरतो. बरीच वर्षं हा ठिसूळपणा संयुगाचा स्वभावच समजला जात होता.

घंटा टिकते, काशाची वाटीही टिकते. मग एकच धातू एकीकडे ठिसूळ आणि दुसरीकडे घडीव कसा?

घंटेच्या काशात साधारण २० ते २५ टक्के कथील असतं, बाकी तांबं. ओतून सावकाश थंड केलं की त्यात एक कठीण संयुग जाळ्यासारखं पसरतं. त्याचं सूत्र पूर्वीपासून ३१ तांबं आणि ८ कथील असं लिहितात. वरचा हिशेब लावा: ३१ अधिक ३२ म्हणजे ६३ इलेक्ट्रॉन, अणू ३९. भाग दिला की २१/१३, तेच पितळेतल्या पाच-आठवाल्या संयुगाचं प्रमाण. मांडणीही त्याच घराण्यातली. हे कळलं त्या दिवशी मी घरी येईपर्यंत दुसरा विचार करू शकलो नव्हतो.

हा कठीण सांगाडा कंपनं शोषत नाही, म्हणून नाद लांब चालतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, भीमाशंकरची घंटा त्यांतलीच. घंटेचा धातू ठोल्याचा मार सोसतो, पण तीच घंटा उंचावरून दगडावर पडली तर तडकू शकते.

तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी मात्र ठोकून घडवलेली असते. धातूचं प्रमाण जवळजवळ तेच, सुमारे २२ टक्के कथील. कारागीर ती लाल तापलेली असतानाच ठोकतो, कारण त्या तापमानाला मऊ प्रावस्था असते. काळसर व्हायला लागली की परत भट्टीत. शेवटी लाल असतानाच पाण्यात बुडवतो. सुमारे ५२० अंशांच्या खाली जे संयुग सावकाश तयार झालं असतं, त्याला वेळच मिळत नाही. हे ज्ञान हातातून हातात आलं. कोणत्या तापमानाला कोणती प्रावस्था असते ते दाखवणारे प्रावस्था-आलेख फार नंतर काढले गेले.

लालसर सोन्याची अंगठी ठोकताना का चिरते?

झवेरी बाजारातून हा प्रश्न सारखा येतो. १८ कॅरेट म्हणजे वजनाने ७५ टक्के सोनं. बाकी सगळं तांबं धरलं आणि अणू मोजले, तर सोन्याचे ४९ आणि तांब्याचे ५१ निघतात. म्हणजे जवळपास एकास एक! साधारण ४१० अंशांच्या खाली हे अणू थरांत लागतात, एक थर सोन्याचा, एक तांब्याचा, आणि घन थोडा चपटा होतो. सावकाश थंड केलेली पट्टी म्हणून कडक आणि ठिसूळ होते. उपाय जुना आहे: मऊ करण्यासाठी तापवल्यावर लालसर सोनं लगेच पाण्यात विझवा, हवेत निवत ठेवू नका. २२ कॅरेटमध्ये तांबं इतकं कमी असतं की ही अडचण सहसा जाणवत नाही.

विझवूनही चिरत असेल तर शिशाचा संशय घ्या. शिसं घट्ट सोन्यात जवळजवळ विरघळत नाही. ते कणांच्या सीमांवर सोन्याबरोबर संयुग करून बसतं. टक्क्याच्या काही शतांश एवढ्यानेही सगळा तुकडा निकामी होतो. बहुतेक वेळा जुना मोड वितळवताना त्यावरचा शिशाचा डाक तसाच राहिलेला असतो.

जांभळं सोनं खरं असतं का?

हो. एक सोनं आणि दोन ॲल्युमिनियम असं ते संयुग आहे. वजनाने सोनं सुमारे ७८.५ टक्के, म्हणजे १८ कॅरेटच्या थोडं वरच. रंग मुलाम्याचा नाही, आतपर्यंत तोच असतो: मधले हिरवे-पिवळे किरण ते शोषून घेतं, तांबडे आणि निळे परत पाठवतं. पण त्याची तार ओढता येत नाही, पत्रा लाटता येत नाही. खड्यासारखं पैलू पाडून कोंदणातच बसवावं लागतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हेच संयुग सोन्याची तार ॲल्युमिनियमच्या पॅडवर बसवली की उगवतं आणि चिप बंद पाडतं. तिथे त्याला ‘पर्पल प्लेग’, म्हणजे जांभळा प्लेग, असं नाव पडलं आहे.

गॅल्व्हनाइझ केलेलं ग्रिल चकचकीत न येता राखाडी आलं. परत पाठवू का?

घाई करू नका. सुमारे ४५० अंशांच्या पातळ जस्तात लोखंड बुडवलं की लोखंड-जस्ताची तीन-चार संयुगं एकावर एक थर करतात आणि सर्वांत वर शुद्ध जस्त राहतं. चकाकी त्या शेवटच्या थराची. लोखंडात सिलिकॉन थोडं जास्त असेल तर संयुगाचे थर वेगाने वाढून पृष्ठभागापर्यंत येतात आणि रंग राखाडी होतो. गंजरोधाला त्याने फारसा उणेपणा येत नाही. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यात महत्त्वाची असते ती एकूण जाडी. आतले थर कठीणही असतात: विकर्स मापात शुद्ध जस्त ७० च्या आसपास, खालचं पोलाद १५९, आणि मधला संयुगाचा थर २४४. खरचटण्याला तो चांगला तोंड देतो. फक्त लेप फार जाड असेल आणि कडेला पापुद्रे सुटत असतील, तर परत पाठवा.

स्टेनलेस स्टीलची भट्टीतली जाळी काचेसारखी कशी फुटली?

सिग्मा प्रावस्था. लोखंड आणि क्रोमियम ६०० ते ९०० अंशांत दीर्घकाळ राहिले की हे संयुग हळूहळू जमतं, एका घरात ३० अणू, अतिशय कठीण. भट्टी तापलेली असेपर्यंत जाळी काम करत राहते. दुरुस्तीसाठी थंड केली आणि क्रेनने उचलली की फुटते. तळोज्याच्या एका कारखान्यात जाळीचा तुकडा कामगाराच्या पायावर पडला होता. त्यानंतर मी प्रत्येकाला सांगतो: भट्टीतली जुनी जाळी थंड असताना हातोडीने ठोकू नका आणि तिच्याखाली उभे राहू नका. घरातल्या स्टीलच्या भांड्यांना ही भीती नाही, ती इतकी तापतच नाहीत.

मग ही संयुगं मुद्दाम कुणी वापरतं का?

पुष्कळ, आणि तुमच्या घरातही. सरकत्या खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट मजबूत असते ती मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या संयुगाच्या अतिसूक्ष्म कणांमुळे, नेमकं सांगायचं तर त्या संयुगाच्या पूर्वरूपांमुळे. चौकट आधी साच्यातून काढतात, मग काही तास १८० अंशांच्या आसपास ठेवतात. कण इतके लहान की घसरण अडते पण तडा सुरू होत नाही. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म यांना जर्मनीत हे पहिल्यांदा दिसलं: तांबं आणि मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम काही दिवस नुसतं ठेवल्यावर आपोआप कठीण झालं होतं.

जेट इंजिनाच्या पात्यात तीन निकेल आणि एक ॲल्युमिनियम या संयुगाचे अर्ध्या मायक्रॉनएवढे घन दाटीने भरलेले असतात. तापलं की बहुतेक धातू मऊ पडतात, हे संयुग साधारण ७०० ते ८०० अंशांपर्यंत उलट बळकट होत जातं. दातांच्या तारेत आणि रक्तवाहिन्यांच्या काही स्टेंटमध्ये निकेल-टायटॅनियम असतं. ते वाकवलं तरी आकार लक्षात ठेवतं. इअरफोनमधलं चुंबक निओडायमियम, लोखंड आणि बोरॉनचं.

नायोबियम-कथील हे अतिसंवाहक (खूप थंड केल्यावर वीज विनारोध वाहून नेणारं) संयुग काचेसारखं ठिसूळ आहे, तरी त्याच्या तारांची वेटोळी बनतात. युक्ती अशी की नायोबियम आणि कथील वेगवेगळे ठेवून तार ओढतात, वेटोळं गुंडाळतात, आणि नंतर साधारण ६५० अंशांवर कित्येक दिवस भाजून आतल्या आत संयुग तयार करतात. आकार आधी, ठिसूळपणा नंतर.

पोलादातलं सिमेंटाइट हे आंतरधातू संयुग आहे का?

काटेकोरपणे नाही, कारण ते लोखंड आणि कार्बनचं संयुग आहे आणि कार्बन अधातू आहे. वागणूक मात्र बरीच सारखी.

मुंबईत या विषयावर काम कुठे चालतं?

पवईला आयआयटीचा धातुशास्त्र आणि पदार्थविज्ञान विभाग आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तर हा विषय रोजचा आहे. अणुइंधनाच्या नळ्यांच्या झिर्कोनियम मिश्रधातूत झिर्कोनियम, लोखंड आणि क्रोमियमच्या लावेस संयुगाचे बारीक कण असतात आणि त्यांच्या आकारावर नळीचं गंजणं अवलंबून असतं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सुधारित अप्सरा अणुभट्टीचं इंधन म्हणजे ॲल्युमिनियममध्ये पसरलेलं युरेनियम-सिलिकॉनचं संयुग. केंद्राचे संचालक राहिलेले डॉ. श्रीकुमार बॅनर्जी स्वतः झिर्कोनियम आणि टायटॅनियममधल्या प्रावस्थांचे मोठे अभ्यासक होते.

तुटलेला तुकडा तपासायला आणायचा असेल तर काय काळजी घ्यावी?

तुटलेली तोंडं एकमेकांवर जुळवून पाहू नका. तिथली खूण चेपते आणि तपासायला काही उरत नाही. तुकडा मोठा असेल तर ग्राइंडरने कापू नका, त्या उष्णतेने आतल्या प्रावस्था बदलतात. हातकरवतीने, तड्यापासून दोन बोटं लांब, तेल न लावता कापा. दोन्ही अर्धे आणा, वस्तू किती तापत होती आणि किती दिवस वापरात होती ते कागदावर लिहून आणा. जून ते सप्टेंबरमध्ये तुकडा सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट पिशवीत बांधा. लोखंडाच्या तड्यावर इथल्या हवेत एका रात्रीत गंज चढतो.